प्रदर्शन उठतं, पुस्तक उरतं

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

आठवड्याचा बाजार आणि चित्रांचं प्रदर्शन यांत एक साम्य आहे. दोन्ही भरतात आणि दोन्ही उठतात. बाजार उठला की मैदानात भाजीचा पाला उरतो. प्रदर्शन उठलं की भिंतीवर खिळ्यांची भोकं उरतात आणि पाहून गेलेल्यांच्या घरी थोडे कागद उरतात. कुणाकडे घडीपत्रिका, कुणाकडे जाडजूड सूचिग्रंथ, ज्याला आपण कॅटलॉग म्हणतो तो. आज मला त्या कागदांविषयी बोलायचं आहे. त्यातही लहान मुलांसाठी काढलेल्या पुस्तकाविषयी जरा जास्त.

मी काही चित्रकलेचा अभ्यासक नाही. बीए झालेला, मराठीत कविता लिहिणारा माणूस आहे. पण पुस्तक हातात आलं की ते कुणासाठी काढलंय, हे ओळखण्याची सवय आम्हा लिहिणाऱ्यांना असते. घरात ताटं किती मांडली आहेत यावरून पाहुणे किती येणार ते कळतं. तसंच प्रदर्शनाबरोबर कोणकोणती पुस्तकं निघाली यावरून दारात कोणाकोणाची वाट पाहिली जात होती, ते कळतं. नुसते जाड ग्रंथ असतील तर जाणकारांची वाट पाहिली होती. मुलांचं पुस्तक असेल तर घरादाराची.

हे नीट समजून घ्यायला आपण जर्मनीतल्या कासेल या गावी जाऊ. कासेल दोनेक लाख वस्तीचं गाव. तिथं दर पाच वर्षांनी, शंभर दिवस, ‘डॉक्युमेंटा’ नावाचं समकालीन कलेचं प्रदर्शन भरतं. सुरुवात १९५५ साली झाली. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांनी गावाचा मोठा भाग जमीनदोस्त केला होता. आर्नोल्ड बोडे हे तिथले चित्रकार आणि कलाशिक्षक. नाझींनी जी कला ‘विकृत’ म्हणून हद्दपार केली होती ती लोकांना पुन्हा दाखवावी, असं त्यांनी ठरवलं. त्या वर्षी गावात सरकारी बागकाम प्रदर्शन होतं, त्याला जोडून हे भरवलं. एका अर्धवट दुरुस्त केलेल्या इमारतीत चित्रं टांगली आणि सव्वा लाखाहून अधिक माणसं येऊन गेली.

त्या इमारतीचं नाव फ्रिडेरिशियानम. आजच्या बोलण्यात ही इमारत महत्त्वाची आहे, कारण तिचा चित्रांइतकाच पुस्तकांशी संबंध आहे. १७७९ साली ती उघडली. सर्वसामान्यांना आत जाता येईल अशा युरोपातल्या अगदी सुरुवातीच्या संग्रहालयांपैकी ती एक, आणि तिच्यातच दरबारचं ग्रंथालय होतं. या ग्रंथालयात एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला दोन भाऊ नोकरीला होते. याकोब आणि विल्हेल्म ग्रिम. होय, तेच. सिंड्रेला, हिमगौरी आणि लाल टोपीवाली मुलगी ज्यांच्या संग्रहातून जगभर गेल्या, ते ग्रिम बंधू.

त्यांच्या पुस्तकाची हकिकत ऐकण्यासारखी आहे. लोककथांचा त्यांचा पहिला खंड १८१२ साली निघाला आणि दुसरा १८१५ साली. नावात ‘मुलांच्या आणि घरच्या गोष्टी’ असं होतं, पण आत विद्वत्तापूर्ण टिपा होत्या आणि चित्र एकही नव्हतं. लोकांनी तक्रार केली की नाव मुलांचं आणि पुस्तक पंडितांचं, हा काय प्रकार? तिकडे इंग्लंडमध्ये १८२३ साली या गोष्टींचा सचित्र अनुवाद निघाला आणि झपाट्याने खपला. मग १८२५ साली ग्रिम बंधूंनी ‘छोटी आवृत्ती’ काढली. निवडक ५० गोष्टी, टिपा नाहीत, आणि धाकटा भाऊ लुडविग एमिल याने काढलेली सात चित्रं. या छोट्या आवृत्तीच्या १८५८ पर्यंत दहा आवृत्त्या निघाल्या. घराघरात पोचली ती हीच.

इथं एक गोष्ट लक्षात घ्या. छोटी आवृत्ती काढली म्हणून मोठी रद्द झाली नाही. मोठ्या आवृत्तीवरचं काम पुढं कितीतरी वर्षं चालूच होतं. पण मुलांसाठी निवडायला बसल्यावर त्या दोन विद्वानांना प्रत्येक गोष्ट नव्याने वाचावी लागली असणार. ही मुलाला सांगायची का? सांगायची तर कशी? कुठला शब्द ठेवायचा? हे प्रश्न टिपा लिहिताना पडत नाहीत. मुलाचं पुस्तक करताना पडतात.

पुढं त्या इमारतीच्या आणि तिच्या अंगणाच्या वाट्याला वाईट दिवस आले. १९३३ च्या मे महिन्यात समोरच्या चौकात नाझींनी सुमारे दोन हजार पुस्तकं जाळली. सप्टेंबर १९४१ मध्ये विमानांतून बॉम्ब पडले आणि ग्रंथालयाला आग लागली. सुमारे साडेतीन लाख ग्रंथ गेले. पुस्तकं आधी माणसांनी मुद्दाम जाळली आणि मग युद्धाने जाळली, अशी ही जागा. तिथं भरणाऱ्या प्रदर्शनात पुस्तकाला मान असणारच.

२०१२ साली मायकल राकोविट्झ या अमेरिकन कलावंताने याच इमारतीत दगडाची पुस्तकं मांडली. १९४१ च्या आगीत जळालेल्या पुस्तकांच्या त्या प्रतिकृती होत्या. दगड कुठला, तर अफगाणिस्तानातल्या बामियानच्या डोंगरातला. तिथल्या दोन प्रचंड बुद्धमूर्ती २००१ साली तालिबानने सुरुंग लावून फोडल्या, हे आपल्याला ठाऊक आहे. त्याच डोंगरातल्या दगडात अफगाण आणि इटालियन कारागिरांनी छिन्नी-हातोड्याने ही पुस्तकं कोरली. मग २०१७ साली समोरच्या चौकात, जिथं होळी झाली होती तिथंच, अर्जेंटिनाच्या मार्ता मिनुहीन या कलावतीने अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराएवढा लोखंडी सांगाडा उभा केला आणि त्यावर पुस्तकं बांधली. कुठं ना कुठं, कधी ना कधी बंदी आलेली ही पुस्तकं लोकांनी आणून दिली होती. प्रदर्शनाच्या शेवटी ती लोकांना वाटून टाकली.

आता प्रदर्शनाबरोबर छापल्या जाणाऱ्या पुस्तकांकडे वळू. डॉक्युमेंटाचे सूचिग्रंथ म्हणजे एक वेगळा इतिहासच आहे. १९७२ सालचा सूचिग्रंथ कार्यालयात वापरतात तशा फायलीत होता. पानं सुटी, काढता-घालता येणारी, आणि वेष्टनावर मुंग्यांनी मिळून काढलेला पाचाचा आकडा. २०१२ साली त्यांनी आणखी निराळी गोष्ट केली. प्रदर्शनाच्या आधीपासूनच छोट्या छोट्या वह्या काढायला सुरुवात केली. शंभर वह्या, शंभर विचार. कुणी शास्त्रज्ञ, कुणी कवी, कुणी चित्रकार. काही वह्या अगदी खिशात मावतील एवढ्या. बियाण्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या वंदना शिवा यांची त्यात एक वही आहे. आणखी एक वही आपल्या मुंबईशी नातं असलेल्या दोघांची मिळून आहे. त्यातले अर्जुन अप्पादुराई हे मुंबईत जन्मलेले मानववंशशास्त्रज्ञ. दुसऱ्या चित्रकार नलिनी मालानी. फाळणीच्या आदल्या वर्षी कराचीत जन्मलेल्या आणि मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या.

मालानींची त्या प्रदर्शनातली कलाकृती सावल्यांची होती. पारदर्शक, चित्रं काढलेले दंडगोल फिरायचे आणि भिंतींवर आकृत्या धावायच्या. तिचं नाव फैज अहमद फैज यांच्या ‘लहू का सुराग’ या नज्मेच्या इंग्रजी अनुवादावरून घेतलेलं. पाहा, उर्दूतली कविता, तिचा इंग्रजी अनुवाद, त्यावरून मुंबईच्या चित्रकर्तीने केलेली कलाकृती आणि ती पाहणार जर्मनीतलं गाव. कवितेने एवढा प्रवास केलेला पाहून माझ्यासारख्याचा ऊर भरून येतो. पण लगेच मनात येतं, की हा धागा तिथल्या किती जणांच्या हाती लागला असेल? फैज कोण हे सांगणारा कागद हातात नसेल तर भिंतीवरची सावली नुसती सावली राहते. आणि त्या शंभर वह्या कितीही छोट्या असल्या तरी इंग्रजी आणि जर्मनमधल्या, पिकल्या वाचकांसाठी होत्या. आकार मुलाच्या हाताचा आणि मजकूर मोठ्यांचा.

२०२२ सालच्या पंधराव्या डॉक्युमेंटाने हे चित्र पुष्कळच बदललं. या वेळी सूत्रं होती जकार्ताच्या ‘रुआंगरुपा’ या कलावंत-गटाकडे. त्यांनी एक इंडोनेशियन शब्द मध्यभागी ठेवला. लुंबुंग. लुंबुंग म्हणजे गावाची सामाईक भाताची कोठार. सुगीचं जास्तीचं धान्य तिथं साठवायचं आणि सर्वांनी मिळून त्याचा उपयोग ठरवायचा. कणगी आणि पेव हे शब्द ज्यांच्या घरात बोलले जात होते त्यांना हे उलगडून सांगायला नको.

या मंडळींनी सहभागी कलावंतांची यादी सर्वांत आधी कुठं छापली असेल? ऑक्टोबर २०२१ मध्ये ती ‘अस्फाल्ट’ नावाच्या मासिकात आली. अस्फाल्ट म्हणजे डांबर. हे रस्त्यावर विकलं जाणारं मासिक आहे. विकणारे बेघर किंवा अडचणीत असलेले लोक, आणि किमतीतला निम्मा वाटा विकणाऱ्याचा. जगभरचे कलासमीक्षक ज्या यादीची वाट पाहत होते ती वाचायची तर आधी पदपथावर उभ्या असलेल्या माणसाकडे जावं लागलं. बातमी काय होती यापेक्षा ती कुणाच्या हातून दिली, हे मला मोठं वाटतं.

मग पुस्तकं. एक ‘हँडबुक’, हातात धरून फिरायचं. एक कथासंग्रह, वेगवेगळ्या देशांतल्या लेखकांच्या कथांचा. तो जर्मन आणि इंग्रजीपुरता न ठेवता निरनिराळ्या देशांतल्या प्रकाशकांनी मिळून काढला. इंडोनेशियन, अरबी, पोर्तुगीज, इतकंच काय, बास्क या लहानशा भाषेतही. आणि एक सचित्र पुस्तक मुलांसाठी, म्हणजे मुलांसह सगळ्या घरासाठी. त्याचं नाव तीन क्रियापदांचं आहे. चालणं, सापडणं, वाटणं.

मराठीत आणताना हे तिसरं क्रियापद माझ्यापुढे येऊन थांबलं. वाटणं म्हणजे वाटून देणं. वाटणं म्हणजे मनाला वाटणं. आणि पाट्यावर मसाला वाटतात, तेही वाटणंच. जर्मन किंवा इंग्रजीत ही सोय नाही. पण चित्रासमोर उभ्या असलेल्या मुलाकडून आपण याहून वेगळं काय मागतो? तुला काय वाटलं ते सांग आणि दुसऱ्याला वाट. मसाल्याचं वाटण मोठ्यांसाठी राहू द्या. ते आम्ही समीक्षक-कवी लोक पुरेसं करतो.

जर्मनीत नोकरीला असलेल्या माझ्या भाच्याने त्या वर्षी येताना हँडबुक आणि हे मुलांचं पुस्तक आणलं. “मामू, तुमच्यासाठी जाडं आणि चिमुरडीसाठी रंगीत,” असं म्हणून त्याने वाटणी केली. माझी नात तेव्हा सात वर्षांची. तिने हँडबुक मांडीवर घेतलं आणि त्याचा पाटासारखा उपयोग करून त्यावर रंगीत पुस्तक उघडलं. मला ती मांडणी योग्य वाटली. खाली आधाराला जाणकारांचं पुस्तक आणि वर उघडलेलं मुलाचं.

आमच्या मुसलमान घरांत मुलाच्या हातात पहिलं पुस्तक देतात त्याला ‘कायदा’ म्हणतात. मराठीत कायदा म्हटलं की कोर्टकचेरी आठवते. पण मूळ अरबी शब्दाचा एक अर्थ आहे पाया, बैठक. अलिफ-बे शिकवणारं ते पातळसं पुस्तक म्हणजे पुढच्या सगळ्या वाचनाचा पाया. ते पातळ असतं म्हणून कुणी त्याला दुय्यम समजत नाही. प्रदर्शनाच्या बाबतीत मात्र मुलांचं पुस्तक हे जेवणानंतरच्या बडीशेपेसारखं मानलं जातं. पैसे उरले तर काढू. पंधराव्या डॉक्युमेंटाने ती रीत मोडली. फ्रिडेरिशियानमला त्यांनी शाळा म्हटलं. आत मुलांसाठी मोठी जागा दिली. ब्राझीलच्या ग्राझिएला कुन्श या कलावतीने तर तीन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठी चक्क पाळणाघर चालवलं आणि तीच तिची कलाकृती होती. ज्या इमारतीत ग्रिम बंधूंनी नोकरी केली, जिथं साडेतीन लाख पुस्तकं जळाली, तिथं रांगणारी बाळं आली.

ढाक्याच्या ‘ब्रिटो’ या गटाने तिथं एक बाजार मांडला. चिनीमातीचे, धातूचे, विणकामाचे खाद्यपदार्थ. त्याचं नाव ‘रसद’. बाहेर बांबूचं स्वयंपाकघर, तिथं शंभर दिवस वेगवेगळ्या देशांचे लोक रांधून वाढत होते. त्याचं नाव ‘पाकघर’. जर्मन वाचकासाठी या दोन्ही शब्दांना टीप लागते. माझ्या नातीला लागली नाही. जगाच्या कानाकोपऱ्यातून कला आली की कुठल्या वाचकाला कुठली टीप लागेल, हे राजधानीत बसून ठरवता येत नाही, ते असं.

श्रोतेहो, इथवर सगळं गोड झालं. आता कडू भाग. तो टाळला तर हे भाषण अप्रामाणिक होईल.

याच प्रदर्शनात इंडोनेशियाच्या ‘तारिंग पाडी’ गटाचा एक प्रचंड पडदा लावला होता. २००२ साली केलेला, सुहार्तो यांच्या हुकूमशाहीवर टीका करणारा, शेकडो आकृत्यांनी गच्च भरलेला. त्या गर्दीत दोन आकृत्या ज्यूंची विटंबना करणाऱ्या होत्या. एका सैनिकाला डुकराचं तोंड आणि गळ्यात ज्यूंचा तारा. दुसऱ्याला कानशिलावर बटा, सुळे, आणि टोपीवर नाझींच्या एसएस दलाची खूण. जर्मनीत, जिथून साठ लाख ज्यूंच्या हत्येची सूत्रं हलली त्या देशात, हे टांगलं गेलं. प्रदर्शन १८ जून २०२२ ला उघडलं. २० जूनला पडद्यावर काळं कापड टाकलं आणि २१ ला तो उतरवला. त्या गटाने माफी मागितली. पुढच्याच महिन्यात प्रदर्शनाच्या महासंचालकांना पद सोडावं लागलं.

यावर खूप लिहिलं गेलं. राजकारणही झालं. मी त्यात शिरत नाही. एका जमातीचा सरसकट एकच चेहरा रंगवला की काय होतं, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. तो चेहरा ज्यूचा असो, मुसलमानाचा असो की आणखी कुणाचा, रंगवण्याची तऱ्हा एकच असते. सुळे दाखवायचे आणि नाव सांगायचं नाही. गरिबांच्या बाजूने रंगवलेल्या चित्रात असलं म्हणून ते पवित्र होत नाही. माझा आजचा मुद्दा त्यापुढचा आहे. इतक्या लोकांनी हा पडदा पाहिला, हाताळला, टांगला, आणि कुणीच थांबलं नाही, हे कसं?

मला वाटतं, कारण त्याला कुणी मुलाच्या डोळ्यांनी पाहिलं नाही. मूल प्रचंड चित्रासमोर उभं राहिलं की पूर्ण चित्र पाहत नाही. ते कोपऱ्यातल्या एका आकृतीवर बोट ठेवतं आणि विचारतं, हा कोण? ह्याला डुकराचं तोंड का? मोठ्या माणसाला एकूण आशय दिसतो, चळवळ दिसते, हुकूमशाही दिसते. मुलाला तो एक माणूस दिसतो. त्या पडद्यावर मुलांसाठी एक पान लिहायला कुणाला बसवलं असतं, तर त्याला प्रत्येक आकृतीचं उत्तर तयार ठेवावं लागलं असतं, आणि त्या दोन आकृत्यांपाशी त्याची लेखणी अडखळली असती. ज्या चित्राबद्दल मुलाला खरं उत्तर देता येत नाही ते चित्र आपण स्वतः नीट पाहिलेलं नाही, असं खुशाल समजावं.

म्हणून मुलांचं पुस्तक ही प्रदर्शनाची परीक्षा आहे असं मी म्हणतो. पंडितांच्या लेखात अवघड शब्दांच्या आड लपता येतं. सात वर्षांच्या मुलीसमोर लपायला जागा नसते. सोपं लिहायचं म्हणजे आपल्याला काय कळलंय आणि काय नाही, हे आधी स्वतःशी ठरवावं लागतं. ते पुस्तक सगळ्यांत शेवटी, घाईत उरकू नये. सगळ्यांत आधी लिहायला घ्यावं. भिंतीवर काय लावायचं हे ठरत असतानाच.

हे परदेशातल्या मोठ्या खर्चाच्या प्रदर्शनालाच परवडतं, असं कुणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. आपल्याकडे गावोगावी, शाळांच्या वर्गांत, नगर वाचनालयांच्या सभागृहांत चित्रप्रदर्शनं भरतात. तिथं पुष्कळदा मिळते ती घडीपत्रिका. चित्रकार मराठी बोलणारा, पाहणारे मराठी बोलणारे, आणि पत्रिकेतला मजकूर मात्र इंग्रजी. शिवाय असा, की चित्रकाराच्या आईलाही तो कळू नये. एक कागद घ्या. दोनदा घडी घाला, आठ पानांचं पुस्तक होतं. त्यात गावच्या बोलीत चार प्रश्न लिहा. या चित्रात सगळ्यांत आधी तुला काय दिसलं? कोण दिसत नाही? यातला कुठला रंग तुझ्या घरात आहे? चित्रकाराला तू काय विचारशील? खर्च झेरॉक्सचा. मूल तो कागद घरी नेतं आणि घरी आजी विचारते, काय गं हे? प्रदर्शन तिथं दुसऱ्यांदा भरतं, ज्यांनी त्याचं दार पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी.

पुढचं, सोळावं डॉक्युमेंटा २०२७ सालचं जाहीर झालं आहे. तिथं भिंतींवर काय लागेल ते समीक्षक पाहतील. तिथून कुणी येणार असेल तर मी विचारीन, मुलांसाठी या वेळी काय काढलंय?

आणि एक. ग्रिम बंधूंच्या त्या कथासंग्रहाच्या त्यांच्या स्वतःच्या वापरातल्या प्रती कासेलमध्ये जपलेल्या आहेत. २००५ साली युनेस्कोने जगाच्या स्मृतीचा ठेवा म्हणून त्यांची नोंद केली. त्या प्रतींच्या समासात दोघा भावांच्या हस्ताक्षरातल्या दुरुस्त्या आहेत, भर आहे. छापून झालं तरी त्यांचं पुस्तक संपलं नव्हतं. तेव्हा ते आठ पानी पुस्तक कराल तेव्हा आठही पानं भरू नका. शेवटचं पान कोरं ठेवा. त्याच्यावर फक्त रेघ मारा आणि लिहा, नाव. ते मुलाला भरू द्या.